एका शब्दाचं गाऱ्हाणं

“थांबूया गो जरा,” गुरू म्हणाला.

डॉक्टर कामत नुकत्याच बाहेर गेल्या होत्या. त्यांच्यामागचं दार अजून मिटत होतं, पाण्यात मिटावं तसं सावकाश. बंद काचेपलीकडे काजूची झाडं वाऱ्याने हलत होती, पण सळसळ आत येत नव्हती.

“थांबूया म्हणजे?”

“म्हणजे उद्या बघूया.”

“त्या काय म्हणाल्या ऐकलंस ना? औषध आज संध्याकाळच्या आत सुरू व्हायला हवं. एकेक दिवस महाग आहे म्हणाल्या.”

“आयकलंय.”

“मग?”

तो छताकडे बघत राहिला. तापाने त्याचे डोळे काचेच्या गोट्यांसारखे चकचकीत झाले होते. मी तोंडावरचा मास्क सारखा करून त्याच्या पायाशी बसले. चादरीतून बाहेर आलेल्या त्याच्या नडगीवर निळे-जांभळे डाग होते. ते पहिल्यांदा दिसले तेव्हा मी त्याला ओरडले होते, खांबावर चढताना जरा जपून चढत जा म्हणून. तोही म्हणाला होता, लागला आसात खंयतरी. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं, ताप उतरेना, आणि सावंतवाडीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून आम्हाला चहाही न विचारता गोव्याला पाठवलं. एरवी ते चहा पाजल्याशिवाय कुणाला सोडत नसत.

रक्ताचा कॅन्सर. डॉक्टर कामत ‘ल्युकेमिया’ म्हणायच्या. तो शब्द मला एखाद्या फुलाच्या नावासारखा वाटायचा, कुंडीत लावायच्या. त्या दिवसांत मला असंच काहीबाही वाटायचं. झोप कधी लागायची आणि कधी तुटायची ते कळत नसे. बाकावर बसल्या बसल्या डोळा लागला की मी आमच्या ओटीवर असायची, डोळे उघडले की हॉस्पिटलात, आणि मधला डोंगररस्ता कधी ओलांडला ते आठवायचं नाही.

इरा तेव्हा आठ महिन्यांची होती. तिला गावी आयेजवळ, म्हणजे माझ्या सासूबाईंजवळ, ठेवून आले होते. तिची दुपारची उठायची वेळ झाली की माझा पान्हा आपोआप दाटायचा. तिच्यापासून माझ्यापर्यंत डोंगरावरून कुणीतरी तार ओढली आहे आणि ती उठून रडली की ती तार इथे थरथरते, असं मला खरंच वाटायचं. मग मी बाथरूममध्ये जाऊन बेसिनमध्ये दूध पिळायची आणि नळ सोडायची. ते पांढरं पाणी भोवऱ्यात गरगर फिरताना बघत राहायची.

“गुरू, तुला भीती वाटते का औषधाची?”

“नाय.”

“केस जातील म्हणून?”

“गेले तर आये म्हणतली, बरा झाला, तेल वाचला.”

एवढं बोलून त्याने डोळे मिटले. विनोद त्याचा होता, पण आवाज दुसऱ्या कुणाचा तरी.

गुरू वायरमन. वीज मंडळाच्या एका ट्रेनिंगसाठी तो कराडला आला होता. आमच्या गल्लीतल्या खांबावर चढला आणि खाली बघून म्हणाला, “हयसर उभ्या ऱ्हवा नको गो, तार पडात!” मला त्यातलं ‘नको’ एवढंच कळलं, म्हणून मी तिथेच उभी राहिले. पुढे लग्न होऊन मी त्याच्या गावी गेले, सह्याद्री उतरून. घरात सगळ्यांसमोर मी त्याला ‘अहो’ म्हणायची आणि एकटे असलो की ‘गुरू’. तिथली माणसं बोलायची ते मला गाण्यासारखं ऐकू यायचं. अर्थ मागाहून यायचा.

आणि त्यांचा देव. आमच्याकडे देवापुढे डोळे मिटून गप्प उभं राहायचं. काय मागायचं ते मनात. इथे मात्र माझे सासरे, तात्या, रवळनाथाच्या देवळात छाती पुढे काढून उभे राहायचे आणि तहसीलदारासमोर गावची बाजू मांडावी तसे खणखणीत आवाजात देवाला सगळं ऐकवायचे. ते गाऱ्हाणं. एकाने घालायचं आणि बाकी सगळ्यांनी दर वाक्याला एका सुरात म्हणायचं, “व्हय म्हाराजा!” गाऱ्हाणं घातल्याशिवाय त्या घरात काही सुरू होत नसे. लावणी असो, बारसं असो की गुरूची मोटारसायकल. तात्यांचं गाऱ्हाणं ऐकायला शेजारच्या वाडीतून लोक यायचे, इतका तो आवाज.

लग्नानंतर पहिलंच गाऱ्हाणं आमचं होतं. नव्या साडीत मी घामाघूम उभी.

“बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरांनी नवो संसार मांडल्यानी हा, तेंका सुखान नांदू दे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले. माझं राहून गेलं. पुढच्या वेळी चुकायचं नाही म्हणून मी टपून बसले.

“आणि तेंच्या वाटेत काय आडवा-तिडवा येत आसात...” तात्यांना ठसका लागला. ते थांबले.

“व्हय म्हाराजा!” मी एकटीच, जोरात.

देऊळ क्षणभर शांत. मग एवढं हसू फुटलं की कबुतरं उडाली. तात्यांनी डोळे पुसत पुसत माझ्याकडे बघितलं. “सूनबाई, देवाक मागणा काय ता तरी आयकू दे!” आणि मग वाक्य पुरं केलं, “...तर ता बाजूक कर रे म्हाराजा!” या वेळी हसण्याच्या नादात ‘व्हय’ म्हणायला कुणी शुद्धीवर नव्हतं. गुरू कानात म्हणाला, “आता आडवा-तिडवा इला तर तुजी जबाबदारी.”

ते थट्टेत म्हणाला होता. हॉस्पिटलच्या बाकावर मला ते रोज आठवायचं.

इराच्या वेळी मला दिवस गेले तेव्हाच तात्यांना झटका आला. हातपाय वाचले, वाचा गेली. सगळी नाही, एक शब्द राहिला. चहा हवा? “व्हय.” चहा नको? “व्हय.” तात्या, तुम्ही रागावलात? “व्हय.” नाही ना रागावलात? “व्हय.” आये कपाळावर हात मारून म्हणायची, “लगीन झाल्यापासून ह्यांनी माका कदी व्हय म्हणूक नाय, आता बघा, दुसरा तोंडात येणा नाय!” तात्या हसायचे आणि त्यावरही म्हणायचे, “व्हय.” डॉक्टर म्हणाले होते की त्या शब्दाला आता अर्थ उरलेला नाही, तो आपोआप बाहेर पडतो, उचकीसारखा. तेव्हापासून देवळात गाऱ्हाणं गुरू घालायचा.

सिस्टर येऊन गुरूचा ताप बघून गेली. खिडकीतलं ऊन भिंतीवरून खाली उतरत पलंगाच्या पायाशी आलं. गुरू झोपेत काहीतरी पुटपुटत होता. मी वाकून ऐकलं.

“खाली कोण आसा?”

“काय रे?”

“म्हापणकर, खाली कोण आसा?”

म्हापणकर म्हणजे त्याचा जोडीदार. गुरू वर असला की तो खाली उभा. वरून विचारायचं, “लाइन?” आणि खालून उत्तर यायचं, “बंद!” ते आल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही. एकदा लग्नाआधी मी गुरूला विचारलं होतं, वर भीती नाही वाटत का? तर म्हणाला, “वर असलेल्याक उंचीची भीती वाटणा नाय. खालून आवाज नाय इलो काय मगे वाटता.”

मी त्याच्या कपाळावर ओला रुमाल ठेवला. त्याने डोळे उघडले. मी कोण ते ओळखायला त्याला जरा वेळ लागला.

“तू खांबावर होतास,” मी म्हणाले.

“हां. खाली कोणच नव्हता. ढग होते सगळे. कापूस पिंजून ठेवलेलो तसे. आणि खाली कोणच नाय.”

मग, माझ्याकडे न बघता, तो हळूच म्हणाला, “मी भियालंय गो.”

“औषधाला?”

“औषधाक नाय. आमच्या घरात गाऱ्हाणा घातल्याशिवाय कायेक सुरू झाला नाय. मोटारसायकल आणली तेव्हा घातला. तुका आणली तेव्हा घातला. आणि आता ह्या एवढा मोठा... तसाच सुरू करू?” त्याचा गळा कोरडा पडला होता. मी पाण्याचा घोट दिला. “तात्यांका बोलाक येणा नाय. दोन दिस मी मनातल्या मनात घालून बघतंय. बा देवा म्हाराजा म्हणतंय, आणि पुढे कायच येणा नाय. आणि इला तरी व्हय कोण म्हणतलो? आपलाच गाऱ्हाणा आपणच घालूचा आणि आपणच व्हय म्हणूचा? ता गाऱ्हाणा न्हय. ता वेड्याचा बडबडणा.”

म्हणजे हे होतं. दोन दिवस मी याला पेशी आणि टक्के आणि बरे झालेल्या लोकांच्या गोष्टी सांगत होते.

“मी घालते,” मी म्हणाले.

“काय?”

“गाऱ्हाणं.”

“तू?” त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. “बायलमाणसां गाऱ्हाणा घालणत नाय.”

“मग पुरुषमाणूस आण कुठून तरी. तो बाहेर लिफ्टवाला आहे, बोलावू?”

“आणि तुझ्या ह्या कराडच्या मराठीत? देवाक कळात तरी?”

“तुला कळली ना? लग्न केलंस ना माझ्याशी?”

“व्हय कोण म्हणतलो ता सांग आधी.”

मी घरी फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

आयेने उचलला. मागे इरा कुरकुरत होती, आणि तिचा आवाज आला तशी तार थरथरली. मी पदर पुढे ओढून घेतला. “आये, तात्यांना जवळ बसवा. फोन त्यांच्या तोंडाशी धरा. मी गाऱ्हाणं घालतेय यांच्यासाठी.”

मला वाटलं, आये आता म्हणेल, सूनबाई, हे असलं काही आपल्यात नसतं. आये म्हणाली, “थांब हां, तेंचो सदरो बदलतंय. गाऱ्हाण्याक मळको नको.”

सदरा बदलेपर्यंत आम्ही दोघं फोनमधून आमच्या घराचे आवाज ऐकत बसलो. कोंबडी ओरडली. पितळी तांब्या कुठेतरी ठेवल्याचा टण्ण आवाज झाला. इरा ‘ब ब ब’ करत होती. गुरूने डोळे मिटून घेतले होते, आणि त्याच्या चेहऱ्यावर ओटीवरचं ऊन पडलंय असं मला दिसत होतं.

“हां, बसलेत,” आये म्हणाली.

मी उठून उभी राहिले. हात जोडायचे की छाती पुढे काढायची, कळेना. शेवटी पलंगाची दांडी धरली. मास्कमुळे स्वतःचाच श्वास तोंडावर येत होता.

“बा देवा महाराजा,” मी म्हणाले. आवाज बारीक आला. पुन्हा म्हणाले. “बा देवा रवळनाथा महाराजा! मी तुझी सून. मला तुझी भाषा येत नाही, पण तू समजून घे रे महाराजा!”

“व्हय,” फोनमधून तात्या म्हणाले. अगदी जागेवर.

“आज तुझं लेकरू परमुलखात, परक्या खाटेवर पडलंय. त्याच्या रक्तात बिघाड झालाय. डॉक्टर बाई हुशार आहेत, त्यांच्या हाताला यश दे रे महाराजा!”

“व्हय.”

“जी काय औषधाची बाटली इथे लागेल, तिला तुझं तीर्थ समजून आम्ही घेऊ. ती ह्यांना मानवू दे रे महाराजा!”

“व्हय.”

आता मला शब्द शोधावे लागत नव्हते. ते कुठून तरी चालत येत होते. लांबून, घाट उतरून, अनवाणी. “आणि ह्यांच्या वाटेत काही आडवं-तिडवं येत असेल...” मी म्हणाले, आणि थांबले. पुढचं निघेना.

“व्हय!” तात्या म्हणाले. जोरात. एकटेच.

खोली क्षणभर शांत. मग पलंग हलायला लागला. मी दचकून बघितलं. गुरू हसत होता. त्याच्या हिरड्या दुखत होत्या, त्याला दम लागत होता, तरी तो पोट धरून हसत होता. डोळ्यांतून पाणी उशीवर ओघळत होतं. “तात्यानूं!” तो फोनकडे बघून ओरडला, “देवाक मागणा काय ता तरी आयकू दे!”

पलीकडे आयेचं हसू आणि हुंदका एकदमच आला. मीही हसत होते, रडत होते, आणि माझा ब्लाउज पुरता भिजला होता. त्या हसण्यातच मी ते वाक्य पुरं केलं.

“...तर ते बाजूला कर रे महाराजा! आणि ह्यांना घरी, त्यांच्या लेकीपाशी चालत आण रे महाराजा!”

आम्ही थांबलो.

फोनमधून काहीच आलं नाही.

“हॅलो?” मी म्हणाले. “आये?” काहीच नाही. आमच्या घरात रेंज तशी ओटीच्या एकाच कोपऱ्यात येते. गुरू फोनकडे बघत होता. त्याचं हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण आतून विझत चाललेलं. मी फोन हलवला, कानाला लावला. मी स्वतः म्हणू का? घालणारीने म्हणायचं नसतं. बाहेर काजूच्या झाडांचा वारा पडला होता. सगळं जग त्या एका शब्दासाठी श्वास धरून उभं होतं. माझ्यापुरतं तरी.

दार उघडलं. डॉक्टर कामत आत आल्या, मागे सिस्टर ट्रे घेऊन. “काय ठरलं मिस्टर धुरी?” त्या म्हणाल्या. “सुरू करूया?”

गुरूने त्यांच्याकडे बघितलंच नाही. तो माझ्याकडे बघत होता. मग त्याने कोपर टेकून स्वतःला थोडं वर उचललं, देवळात उभं राहावं तसं, आणि म्हणाला,

“व्हय म्हाराजा.”

डॉक्टर कामत गोव्याच्या. त्यांना कळलं असावं. त्यांनी हातातलं पेन खिशाला लावलं आणि चप्पल दारापाशी सोडून आल्यासारखं क्षणभर थांबून मग पुढे आल्या.

बाटली स्टँडवर चढली. पहिला थेंब सुटला. गुरू ती नळी वरपासून खालपर्यंत बघत होता, तार बघावी तशी. त्याने डोळे मिटले.

“खाली कोण आसा?”

“मी,” मी म्हणाले.

“ऱ्हव थंयच.”

पुढचे महिने मी इथे लिहीत नाही. इरा आता सहा वर्षांची आहे, शेजारच्या खोलीत दुपारची झोपली आहे, आणि ती उठायच्या आत मला एवढंच लिहायचं आहे.

आम्ही घरी आलो तो दिवस आंब्याच्या मोहोराचा होता. गुरू फाटकापासून ओटीपर्यंत चालत आला. टक्कल, टोपी, मास्क. इराने त्याला ओळखलं नाही, टोपी ओढली, आणि मग टकलावर हात फिरवत बसली. तात्या खुर्चीत होते. त्यांनी गुरूचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. तेव्हापासून गुरू पुन्हा खांबावर चढला नाही. सबस्टेशनला बसतो, आणि वर चढलेल्यांना फोनवरून तोच सांगतो, बंद की चालू. पण ते नंतरचं.

त्या दिवशी स्वयंपाकघरात आयेला मी म्हणाले, “आये, त्या दिवशी नेमका फोन कट झाला हो. शेवटच्या व्हयला.”

आये कोकमाची सोलं भिजत घालत होती. तिचा हात थांबला.

“फोन कट झालो नव्हतो गो.”

“मग?”

“मी तात्यांका म्हणी होतंय, म्हणा, म्हणा. तर तेंनी मान हलवली. नाय म्हणान. मगे मी म्हटलंय, थांबा, मीच म्हणतंय. तर,” तिने ओला हात स्वतःच्या ओठांवर ठेवून दाखवला, “माझ्या तोंडार हात धरल्यानी. इराचा रडणा आयकाक येव नये म्हणान फोन दुसऱ्या हातान छातीक लावल्यानी. आमचो गुरू आपणच व्हय म्हणापर्यंत सोडूक नाय.”

मी बाहेर ओटीवर आले. गुरू सोप्यावर झोपला होता. तात्या खुर्चीत बसून अंगणातल्या उन्हाकडे बघत होते, स्वच्छ सदरा घालून. मी त्यांच्या पायाशी बसले.

“तात्या,” मी विचारलं, “तुम्ही त्या दिवशी मुद्दाम गप्प राहिलात?”

तात्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“व्हय,” ते म्हणाले.